दुधाच्या दातांचा ठणका

मँचेस्टरच्या ज्या प्राथमिक शाळेत मी मदतनीस आहे, तिथे लहान वर्गांना रोज सरकारी योजनेतून फळ मिळतं. सफरचंदाच्या दिवशी कोण हात लावत नाही, यावर माझं लक्ष असतं. काही मुलं एकाच बाजूने चावतात. काही गालाला हात लावून गप्प बसतात, आणि त्यांच्या वहीवर शेरा पडतो, 'वर्गात लक्ष नाही'. रात्रभर दाढ ठणकलेलं पोर बेरजेत लक्ष कुठून घालणार?

इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांवर एनएचएसमधून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतून, दातांचे उपचार मोफत होतात. पण ते करणारा डेंटिस्ट सापडला तर! फोन करावा तिथे 'नवीन एनएचएस पेशंट घेत नाही' हेच उत्तर. फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात दवाखाना सुरू झाला, तेव्हा नाव नोंदवायला शेकडो माणसं रस्त्यावर रांगेत होती, पोलिसांना यावं लागलं.

याचं एक मोठं कारण म्हणजे एनएचएसचा डेंटिस्टांशी असलेला २००६चा करार. त्यात एक दात भरला काय, सहा भरले काय, डेंटिस्टला मोबदला तेवढाच. २०२२मध्ये थोडी दुरुस्ती झाली, पण इतकी वर्षं ज्या मुलाचे दात सर्वांत जास्त किडलेले, तेच डेंटिस्टला सर्वांत न परवडणारं ठरत आलं. याचा मला संताप येतो.

पाच ते नऊ वर्षांची मुलं इथे इस्पितळात दाखल होतात, त्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात आहे. एका वेळी चार-सहा दाढा काढायच्या तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि २००१च्या अखेरीपासून ती फक्त इस्पितळातच देता येते. म्हणजे पुन्हा प्रतीक्षायादी. अनेकदा महिनोन्‌महिने. तोवर पॅरासिटामॉलचं औषध आणि जागरणं.

आपली मराठी मंडळी म्हणतात, 'सुट्टीत पुण्याला गेलो की दाखवू', किंवा 'दुधाचेच दात, पडणारच आहेत'. मी त्यांच्याशी भांडते. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि येणाऱ्या दातांची जागा राखतात. शिवाय बर्मिंगहॅमच्या नळाच्या पाण्यात १९६४पासून कीड रोखणारं फ्लोराइड घालतात, आमच्या मँचेस्टरच्या पाण्यात ते घालत नाहीत. त्यामुळे रात्रीचा ब्रश इथे चुकवून चालत नाही.

गरीब वस्त्यांतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांकडून शाळेतच ब्रश करून घेण्यासाठी सरकारने २०२५मध्ये पैसे दिले. स्कॉटलंडमध्ये हे कितीतरी आधीपासून चालू आहे. चांगलंच आहे. पण ज्यांच्या दाढा आताच पोखरल्यात, ती सहा-सात वर्षांची मुलं त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी तो करारच बदलायला हवा. म्हणून मी पालकांना म्हणते, आपल्या खासदाराला लिहा. इंग्रजी अडत असेल तर शनिवारी या, पत्र मी लिहून देईन.