उतार तोच, वेग निराळा

तळेगावात (श्यामजी पंत) उतार म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नागपूर-अमरावती महामार्गावरचा सत्याग्रही घाट जवळच आहे. संत्र्यांनी भरलेले ट्रक तो उतरतात, तेव्हा जुना ड्रायव्हर नव्या पोराला बजावतो, ‘ज्या गेअरात चढशील, त्याच गेअरात उतर.’ न्यूट्रलवर गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्याला तो शिव्या घालतो. त्या शिव्या मला अगदी शास्त्रशुद्ध वाटतात. सारखा ब्रेक दाबला की लायनर तापतात आणि तापले की त्यांची पकड सुटते. पाय तोच, पेडलही तेच, पण गाडी ऐकत नाही.

अशा मुलखातला माणूस खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरसमोर उभा राहिला, की त्याची नजर आधी ड्रायव्हर शोधते. ड्रायव्हर नसतोच. इंजिनही नसतं. साखळी गाडीला सुमारे ४० मीटर उंच ओढत नेते आणि सोडून देते. पायाखाली जमीन नाही, पाच वेळा डोकं खाली. आणि हे सगळं त्या एका चढाच्या पुंजीवर. मग ब्रेक कुठे आहेत? तेही गाडीत नाहीत, रुळावर आहेत. गाडी त्यांच्याकडे येते, ते गाडीबरोबर जात नाहीत. घाटातल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो.

वाटतं, रूळ तोच, उंची तीच, तर फेरीही तीच. पण तसं होत नाही. पुस्तकातलं गणित वजन विचारतच नाही: ४० मीटरवरून घर्षणाशिवाय घसरलं, तर रिकामी असो की भरलेली, गाडी तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचते. हवेला मात्र पुस्तक माहीत नाही. रिकाम्या गाडीला ती सहज अडवते, भरलेल्या गाडीपुढे तिचं तेवढं चालत नाही. म्हणजे घाटात जे ओझं ड्रायव्हरचा घाम काढतं, तेच इथे वेग राखून ठेवतं. शिवाय सकाळच्या गारव्यात बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, चाकांवरचं प्लास्टिक थंड असतं, गाडी कुरकुरत फिरते. दुपारपर्यंत फेऱ्या होऊन सगळं सैलावतं. समोरून वारा आला तर पुन्हा हिशेब बदलतो. म्हणूनच पाळण्यांच्या जगात माणसं बसवण्याआधी रिकाम्या गाड्या, कधी पाण्याने भरलेले पुतळे बसवून, फिरवून पाहतात. मंदावलेली गाडी पुढचा चढ न चढता दोन टेकड्यांमधल्या खोलगटात अडकली, तर तिला बाहेर काढणं हा दिवसभराचा उद्योग.

ब्रेकची कामगिरी खरी इथेच. दर खेपेला वेगळ्या वेगाने येणाऱ्या गाडीला त्यांनी एकाच संथ चालीवर आणायचं असतं. काही पाळण्यांवर पॅड गाडीखालची धातूची पट्टी चिमटीत पकडतात. त्यांची ठेवण बहुधा अशी, की हवेचा दाब त्यांना उघडतो आणि दाब गेला की ते आपोआप मिटतात. पावसात ती पट्टी ओली झाली, की पकड निसटती होते. दुसरीकडे चुंबकं असतात. ती गाडीला शिवतही नाहीत. धातू जवळून सरकला की त्यात वीज फिरते आणि तीच गाडीला मागे ओढते. न घासता आवरणारा हा ब्रेक लायनर बदलून बदलून कंटाळलेल्या कुठल्याही ट्रकवाल्याला हेवा वाटावा असा आहे. पण त्याची एक खोड आहे: वेग कमी होत गेला की त्याची ओढही कमी होते. पूर्ण थांबवणं त्याच्या हातात नाही. शेवटी स्थानकात गाडी धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतंच.

उतरताना लोक मान चोळत तक्रार करतात, ‘शेवटी केवढा झटका बसला!’ पॅडच्या ब्रेकबद्दल मी बोलत नाही. पण चुंबकाचे ब्रेक असतील, तर बहुधा ती फेरी झकास झालेली असते. गाडी जास्त वेगाने आत आली, म्हणून ओढही जास्त बसली.

तेव्हा मला विचाराल, तर सकाळी उघडल्या उघडल्या धावू नका. ऊन खाल्लेल्या रुळावर, भरल्या गाडीत, मागची रांग धरून बसा: पुढचे डबे उतरायला लागले की मागच्यांना ते माथ्यावरून खेचूनच नेतात. रांग तेव्हा मोठी असेल. असू द्या; घाटाच्या तोंडाशी ट्रकांमागे थांबायची आपल्याला सवय आहेच.