शनिवारचा पेला

मद्यावर लेख लिहिणारा मनुष्य एक तर पिणारा असतो, नाही तर सोडलेला. मी या दोहोंच्या मध्ये कुठे तरी आहे. त्या मधल्या जागेची हकीकत सांगायची, म्हणून फराळाच्या ताटाशेजारी आज हा पेला आणून ठेवीत आहे. वाचकांनी नाक मुरडू नये.

लंडनला येऊन मला चाळीसहून अधिक वर्षे झाली. नाना माझ्या आधी दोन वर्षे आला. दोघांचेही बालपण पुण्यात, म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत गेले. त्यामुळे मद्य म्हणजे काय ते आम्हांला इथेच कळले, आणि कळले तेही मार्टिनीच्या रूपाने! जिन, नावापुरती ड्राय वर्मुथ, भरपूर बर्फ आणि वर लिंबाच्या सालीचा पीळ. दर शनिवारी सहाच्या ठोक्याला नाना यायचा, मी दोन पेले भरायचो आणि आठपर्यंत आमचे पुणे चालायचे.

नानाची बायको गेली आणि शनिवारला निराळेच महत्त्व आले. आठवड्यात तो दुसऱ्या कोणाच्या घरी जात नाही, हे हिला आणि मला ठाऊक होते. अशात त्याचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण सोडलीत तर उत्तम. नाही तर निदान निम्मी करा."

नाना फोनवर मला म्हणाला, "निम्मी मार्टिनी म्हणजे निम्मी दाढी! त्यापेक्षा मी येतच नाही."

आणि खरोखरच दोन शनिवार तो आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या पेल्यात ६० मि. ली. जिन असे. शेकडा ४० प्रमाणे त्यात मद्यार्क २४ मि. ली. वर्मुथ १० मि. ली.; तिचा मद्यार्क पावणेदोनच्या आसपास. एकूण जवळजवळ २६. इथे १० मि. ली. शुद्ध मद्यार्काला एक 'युनिट' म्हणतात आणि आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये, असा सरकारी सल्ला २०१६ पासून आहे. आमचा एकेक पेला अडीच युनिटांच्या वर! आणि आम्ही पेले दोन घेत होतो.

यावर उपाय सुचला तो शेरीचा. स्पेनच्या दक्षिणेला हेरेझ गावाच्या परिसरात ही होते. तिच्यातली 'फिनो' नावाची जात अगदी कोरडी, फिक्या रंगाची. मद्यार्क शेकडा १५ च्या सुमारास. पिंप पूर्ण भरीत नाहीत. मग दुधावर साय धरावी तशी त्या मद्यावर किण्वाची साय धरते. तिला तिकडे 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. ही साय हवेला आत येऊ देत नाही आणि मद्याला बदामाचा, ताज्या पावाचा वास देते. गंमत अशी, की मद्यार्क १७ वर नेला की ही साय मरते. मग तयार होते ती तपकिरी, भारदस्त ओलोरोसो. फिनोची सारी नजाकत तिच्या सौम्यपणावर जगते.

पहिला प्रयोग फसला. कपाटात नाताळच्या पुडिंगसाठी आणलेली गोड शेरी होती, तीच मी वापरली. चव खोकल्याच्या औषधाची! दुसऱ्यांदा फिनो आणली, पण उघडून महिनाभर बाहेर ठेवली. ती मलूल झाली. फिनो उघडली की फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवडाभरात संपवावी, हे मग कळले. तिसऱ्यांदा जिनच्या सवयीने बर्फात खूप वेळ ढवळीत बसलो आणि पेल्यात नुसते पाणी झाले. जिन बर्फाचे पाणी सोसते. शेरी सोसत नाही. बाटली आणि पेला दोन्ही आधीच गार करावे आणि मोजके ढवळावे.

अखेर जमले. फिनो ६०, जिन १०, संत्र्याच्या बिटर्सचे दोन थेंब, लिंबाची साल. मद्यार्क १३. बरोबर निम्मा!

इथे माझी बुद्धी फिरली. मी नानाला फोन केला, "ये रे, नेहमीचीच करतो." त्याने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ही मार्टिनी नाही."

"अरे, थोडी हलकी केली, इतकंच."

"हलकी केलीस ते ठीक. सांगितलं का नाहीस? मी काय लहान मूल आहे, औषध गुळात घालून द्यायला?"

तो कोट चढवून निघून गेला. ही म्हणाली, "भाऊजींना दारूचा राग नाही आला, तुमचा आला." माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री झोप लागली नाही.

पुढच्या शनिवारी सहा वाजता दारावरची घंटा वाजली. नाना उभा होता. हातात फिनोची बाटली, आणि तीही गार!

"वहिनी, हा मला फसवील म्हणून मीच आणली," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "चव वाईट नव्हती. पण तिला मार्टिनी म्हणू नकोस. योकोहामाच्या ग्रँड हॉटेलातला लुई एपिंगर म्हणून एक होता. शेरी आणि वर्मुथ एकत्र करून त्याने प्रसिद्ध केलेल्या पेयाला 'बांबू' म्हणतात. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे ती. तू काही पहिला नाहीस!"

म्हणजे आठवडाभर त्यानेही शोध घेतला होता तर!

आता आमच्या पेयाला आम्ही नुसते 'शनिवार' म्हणतो. नाव बदलल्यापासून नाना त्यात मार्टिनी शोधीत नाही, आणि मला काही लपवावे लागत नाही. सौम्य गोष्ट जोरकस गोष्टीचे सोंग घेऊन आली, की उणी वाटते. तिच्या स्वतःच्या नावाने आली, तर तिची चव लागते.

परवा पेला संपल्यावर नानाने तो पुढे केला, "हलकीच तर आहे. आणखी एक?"

"दोन हलक्या म्हणजे एक जुनी," मी म्हणालो.

त्याने क्षणभर हिशेब केला, आणि पेला उपडा ठेवीत म्हणाला, "वहिनी, चहा टाका."