कृश देहातील मेद

मधुमेह म्हटला की लोडाला टेकून बसलेला, पोट सुटलेला, जिलबीचे ताट पुढ्यात घेतलेला एखादा सावकार आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या घराण्यात मात्र हा रोग ज्यांना ज्यांना जडला, ते सारे अंगाने काटकुळे. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, त्यांचे वजन आयुष्यात कधी पंचावन्न किलोंच्या वर गेले नाही. बडोद्यात नोकरी, राहणे हरणीस. चालणे भरपूर, व्यसन चहाचेही बेताचेच. भीडभंजन मारुतीच्या शनिवारच्या दर्शनाला ते नेहमी पायी जात. तरीही वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या रक्तात साखर सापडली; पुढे दृष्टी मंदावली, पायाचे एक बोट काढावे लागले. पाठोपाठ थोरल्या बंधूंची तीच गत. लोक चिंतेला दोष देत, कुणी दैवाला. लठ्ठपणाचे फळ म्हणावे, तर लठ्ठपणा होता कुठे, हा प्रश्न माझ्या मनात कित्येक वर्षे ठाण मांडून बसला होता.

या प्रश्नाची चाहूल आपल्या पूर्वजांना लागली होती, ही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार मानले आहेत. एक सहज, म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषाने जन्मतःच आलेला. दुसरा अपथ्याने ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो आणि दुसरा स्थूल, असेही तो सांगतो. आजचे वर्गीकरण आणि सुश्रुताचे वर्गीकरण एकच, असा दावा करण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने जे पाहिले ते नीट पाहिले, एवढे श्रेय पुरेसे आहे.

आधुनिक काळात या कृशतेचे कोडे ज्यांनी धसास लावले, त्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. २००४ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघेही सडसडीत. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात, तो दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगी ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के! वजनकाट्यावर समान ठरलेल्या दोन देहांपैकी एकात स्नायू अधिक, दुसऱ्यात मेद दुपटीहून जास्त. ते चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला आप्पांचे हडकुळे दंड आणि त्यांवर न शोभणारे किंचित पुढे आलेले पोट आठवले.

हा मेद आला कोठून? खाण्यापिण्याच्या वयात तो जमला असेल, असे कोणीही म्हणेल. पुण्याच्या संशोधकांनी मात्र त्याचा शोध थेट पाळण्यापर्यंत नेला. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. घरोघर जाऊन, गर्भधारणेच्या आधीपासून, त्या काय खातात, किती कष्ट करतात, त्यांचे वजन किती, हे सारे टिपायचे. मूल जन्मले की त्याची मापे घ्यायची आणि मग त्या मुलाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा, असे हे चिकाटीचे काम. त्या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे वजन सरासरी बेचाळीस किलोंच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची भरली. इंग्लंडातील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. एवढ्यावर थांबले असते, तर आपली मुले लहानखुरी असतात हे जुनेच ज्ञान हाती आले असते. पण त्यांनी चिमट्यासारख्या मापकाने खांद्याच्या पात्याखालची त्वचेची घडीही मोजली. हाताचा घेर, पोटाचा घेर, सारेच इंग्रज बाळाच्या तुलनेत पुष्कळ कमी होते; त्वचेखालची ही चरबी तेवढी फारशी घटली नव्हती. पुण्यातील बाळांच्या नाळेच्या रक्ताची लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली, तेव्हा तेथे इन्सुलिनही अधिक आढळले. म्हणजे अडीच किलोंचा तो जीव स्नायूंची काटकसर करून मेद राखूनच या जगात येतो. ‘बारीक पण मेदवृद्ध’ असे हे भारतीय बालक.

गर्भात अन्नाची ओढाताण झाली की वाढणारा देह मेंदूला आधी पुरवतो आणि स्नायू, स्वादुपिंड आदींचा वाटा कमी करतो. पुढे त्याच देहाला तेलतुपाचे, बैठ्या कामाचे शहरी आयुष्य लाभले, म्हणजे तुटपुंज्या भांडवलावर मोठा व्यवहार मांडल्यासारखे होते. इंग्लंडातील डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातील सुइणींच्या जुन्या जन्मनोंदी चाळून असाच विचार मांडला होता. आपल्याकडे त्याला खेड्यातील चुलीचा संदर्भ मिळाला.

त्या चुलीविषयीचे निष्कर्ष मला सर्वांत बोलके वाटतात. आईने एकूण किती उष्मांक व प्रथिने घेतली, यापेक्षा तिच्या पानात पालेभाज्या, फळे आणि दूधदुभते किती वेळा आले, याचा बाळाच्या मापांशी अधिक निकटचा संबंध दिसला. ज्या गर्भवतींना कामाचा बोजा अधिक, त्यांची बाळे लहान, असेही आढळले. आपल्या घरांतील पंगतीचा क्रम आठवून पाहा. आधी देवाला नैवेद्य, मग पुरुष, मग मुले, मग सासू, आणि शेवटी पातेले खरवडून सून. नैवेद्याच्या पानावर अळूची भाजी असते आणि दह्याची वाटीही असते. ती दोन्ही शेवटच्या पानापर्यंत कितीशी उरतात?

आता प्रश्न जीवनसत्त्वांचा. गर्भवतीला दिल्या जाणाऱ्या फोलिक आम्लाच्या गोळीचा उगम आपल्या मुंबईत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरणीकामगार गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने दाखवून दिले. त्या अर्कातले तत्त्व पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. या फोलेटचा जोडीदार म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही. ते करतात सूक्ष्म जंतू, आणि आपल्याला ते मिळते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. पुण्याच्या त्या मातांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ते कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, ज्या मातांचे ब-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. याचा अर्थ फोलिकची गोळी सोडावी असा कोणी घेऊ नये. बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी ती आवश्यकच आहे. जोडीने ब-१२ हवे, एवढेच.

येथे गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात येते. आम्ही मूळचे गोव्याचे सारस्वत. तेथे देवकार्याचे दिवस सोडले, तर निस्त्यांवाचून पान पुरे होत नसे. बडोद्यास आल्यावर शेजार सारा शाकाहारी. भाड्याच्या घराच्या अटीतही तेच. दोन पिढ्यांत मासळी सुटली आणि त्या सुटण्याला नंतर व्रताचे रूप आले. त्याचे मला दुःख नाही. मीही आता मासे खाणार नाही. परंतु मासळीबरोबर जे गेले, त्याची भरपाई कुणी केली नाही. गेल्या वर्षी सूनबाईंना दिवस राहिले, तपासणीत ब-१२ फार कमी निघाले आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. आमच्या आत्याबाई, वय ऐंशी, गोळीचे पाकीट उलटसुलट करून म्हणाल्या, “आमगेर अशें केन्नाच नासलें.” ही गोळी प्राण्यापासून करतात काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी चौकशी केली. औषधी ब-१२ हे जंतूंच्या किण्वनातून, म्हणजे दह्याला विरजण लावावे तशाच जातीच्या प्रक्रियेतून मिळते. काही औषधांचे मऊ वेष्टन प्राणिजन्य जिलेटिनाचे असते. साध्या दाबलेल्या गोळीला ते वेष्टन नसते. हे ऐकून आत्याबाईंचे समाधान झाले.

पुण्यात या दिशेने प्रत्यक्ष प्रयोगही झाला. १९९३ च्या अभ्यासातील मुले तरुण झाल्यावर, २०१२ पासून, त्यांना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले, म्हणजे त्यांच्या पोटी येणाऱ्या मुलांपर्यंत ते पोहोचावे. आणि ते नाळेच्या रक्तात पोहोचलेही. मात्र एका पिढीत सारे फिटेल, या भ्रमात राहू नये. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा पुण्याच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर अन्न देऊनही त्यांचे दोष पुरते गेले नाहीत. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीत दिसले. दुष्काळ आणि अर्धपोटी राहणे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याच्या बाबतीत हा आकडा केवळ मिठाईच्या दुकानांनी वाढवलेला नाही, असे मला वाटते.

वृद्ध वाचकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे उत्तम व स्वस्त औषध दीर्घकाळ घेतल्यास अंगातील ब-१२ घटू शकते. पायांना मुंग्या येणे मधुमेहाने होते तसे या उणिवेनेही होते, आणि दोहोंतला फरक रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आत्याबाई पंधरा वर्षे मेटफॉर्मिन घेत आहेत. त्यांच्या पायांच्या मुंग्यांना घरात सगळे ‘म्हातारपण’ म्हणत. सूनबाईंनीच हट्ट धरून त्यांचे रक्त तपासून घेतले. ब-१२ कमीच निघाले. हल्ली सकाळी तुळशीला पाणी घातले की त्या गोळी घेतात आणि सूनबाईंनी आपली घेतली की नाही, हेही विचारतात.