अंगठ्याचा दाब

कांद्याच्या मुळाची स्क्वॅश स्लाइड करताना स्टेनिंग, आम्ल, ऊब हे सगळ्यांनाच जमतं. घोडं अडतं शेवटच्या दाबावर. खाली कव्हरस्लिप, वर टिपकागद, त्यावर अंगठा. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, जास्त झाला तर गुणसूत्रं बाहेर सांडतात, आणि अंगठा केसभर सरकला की सगळंच वाया. हे अंगठ्याच्या पेरालाच कळतं. माझ्या पेराला आता कळत नाही. केमोत पॅक्लिटॅक्सेल घेतलं, तेव्हापासून बोटांची टोकं बधिर आहेत.

गंमत म्हणजे हेच औषध मी यावलच्या कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. पेशी विभागताना सूक्ष्मनलिकांचा तर्कू तयार होतो. या नळ्यांना वाढता यावं लागतं आणि आखडताही यावं लागतं. आपल्या सातपुड्यात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतलं कोल्चिसीन आणि अंगणातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन त्यांना जुळूच देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल त्यांना सुटू देत नाही. हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. दोन्हीकडून पेशी विभाजनाच्या मध्यावरच अडकते. पण मज्जातंतूंमधली ने-आणही याच नळ्यांच्या रुळांवरून चालते. सर्वांत लांबचे तंतू हातापायांच्या टोकांशी जातात, म्हणून झळ तिथे आधी.

पॅक्लिटॅक्सेलचा रेणू शोधणारे मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे, जन्म १९२५. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह त्यांनी पॅसिफिक यू झाडाच्या सालीतल्या या द्रव्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. खानदेशात केळी-कापसापलीकडे काय आहे, असं विचारणाऱ्या परीक्षकांना मी हे नाव मुद्दाम ऐकवायची. त्याआधी सूक्ष्मदर्शकात नेमका ॲनाफेज मध्यभागी आणून ठेवलेला असायचा. ‘स्लाइड विकतची का, मॅडम?’ असं कुणी विचारलं की दिवसभर मी हवेत.

आता विकतच्याच पेट्या येतात. स्लाइड देखण्या असतात, पण मुलांच्या हाताला काहीच लागत नाही. या मतात माझा मत्सर आहे. मत मात्र बदलणार नाही.

हल्ली दाब मुलं देतात, मी त्यांच्या नखाकडे बघते. नखाखालचा गुलाबी रंग कडेकडून उडत मध्यापर्यंत पांढरा झाला की ‘बस’ म्हणते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीची गुणसूत्रं माझ्यापेक्षा मोकळी पसरतात. मी तिला ‘ठीक आहे’ एवढंच म्हणाले.

पॅक्लिटॅक्सेल चालू असताना बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर पुढच्या सलाइनआधी डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो.