दाखल्यावरचे नाव

जून महिना उजाडला की आमच्या धर्मग्रामात स्नानसंस्काराच्या दाखल्यासाठी पालकांची रीघ लागते. जुन्या नोंदवहीतून एकेक नाव उतरवताना मला हटकून वॉर्सा शहरातली, आईबापांविना रस्त्यावर राहिलेली ज्यू मुले आठवतात.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मनांनी तेथील ज्यू वस्ती भिंतीआड कोंडली. भिंतीच्या भगदाडांतून मुले बाहेर सटकत आणि खाण्याचे जिन्नस आत नेत. १९४२ च्या उन्हाळ्यात वस्तीतली लाखो माणसे ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आली. बाहेर उरलेल्यांपैकी काही मुले 'तीन क्रूसांच्या चौका'त, सेंट अलेक्झांडरच्या ख्रिस्तमंदिराजवळ, चक्क जर्मन शिपायांनाच सिगारेटी विकत! खरे नाव गिळलेले; आपसांत हाक टोपणनावाने. कुणी 'गोऱ्हा', कुणी 'दाताळ्या'. लपलेल्या ज्यू मुलांना 'आमच्या बापा' न अडखळता म्हणता यावे लागे. आपण ती प्रार्थना धर्मशिक्षणाच्या वर्गात छडीच्या धाकाने शिकलो. ती मुले जिवाच्या भयाने शिकली.

काही पोलिश धर्मगुरूंनी अशा मुलांसाठी ख्रिस्ती नावांचे दाखले दिले. ते खोटे होते आणि त्यांनी जीव वाचवले; त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इरेना सेंडलर या कॅथलिक समाजसेविकेने मात्र त्यापुढचा विचार केला. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वस्तीबाहेर काढलेल्या मुलांची खरी आणि नवी नावे पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवली. त्या पट्ट्या बरणीत घालून मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या. १९४३ मध्ये गेस्टापोने तिला पकडून तिचे अतोनात हाल केले, तरी तिने तोंड उघडले नाही. युद्धानंतर यादी बाहेर आली तेव्हा बहुतेकांचे आईबाप हयात नव्हते. नाव तेवढे उरले होते.

मी तरुणपणी एका दत्तक बाळाचा स्नानसंस्कार केला. बाळासोबत जन्मदात्रीच्या नावाची चिठ्ठी आली होती. नव्या आईने ती माझ्या हाती दिली. "फादर, हे कुठेच लिहू नका," ती म्हणाली. मला तिची दया आली. मी चिठ्ठी फाडली.

गेल्या वर्षी तो मुलगा मला शोधत आला. त्याच्या स्वतःच्या मुलीचा स्नानसंस्कार दोन दिवसांवर होता. त्याला कुणाचा राग नव्हता, फक्त नाव हवे होते. मी पुष्कळ आठवून पाहिले. ते 'म'वरून सुरू होत असावे, एवढेच मी त्याला सांगू शकलो. आणि तेही खात्रीने नाही.