असता तर : कैचीच्या झोलाविषयी

'व्हर्च्युअल वर्क' या संज्ञेसाठी आमच्यापुढे दोन प्रतिशब्द होते : 'आभासी कार्य' आणि 'कल्पित कार्य'. साहित्याच्या अभ्यासकाला यातला पहिला शब्द खटकावा. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण सदोष हेतू. रसाभास म्हणजे रसासारखा भासणारा, परंतु अनौचित्याने बिघडलेला रस. आपल्या परंपरेत 'आभास' हा दोषाचा निर्देश करतो. 'व्हर्च्युअल'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र सामर्थ्य, गुण असा आहे. वस्तू प्रत्यक्षात नाही, पण तिचा प्रभाव खरा आहे, असा काहीसा त्याचा रोख. म्हणून आम्ही 'कल्पित' स्वीकारला.

मराठीच्या अध्यापकांनी या फंदात का पडावे, हा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनीही विचारला. कारण साधे होते. सडक अर्जुनी तालुक्यातला, धानाची शेती असलेल्या घरातला एक विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकीच्या 'स्ट्रक्चरल ॲनालिसिस' या विषयात दोनदा अनुत्तीर्ण झाला होता आणि शिक्षण सोडण्याच्या विचारात होता. बारावीपर्यंत सारे मराठीतून शिकलेला. गणित त्याला येत होते, हे त्याच्या वह्यांवरून आम्हालाही दिसत होते. अडत होते ते वाक्यापाशी. पुस्तकातला एक परिच्छेद तो आमच्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मॅडम, याचा अर्थ सांगा. गणित मी करतो."

तो परिच्छेद 'ट्रस'विषयी होता. 'ट्रस'ला आपल्याकडचे सुतार-मिस्त्री 'कैची' म्हणतात, आणि गोंदिया जिल्ह्यात ती पाहण्यासाठी फार हिंडावे लागत नाही. कोणत्याही राइस मिलच्या पत्र्याखाली मान वर करून पाहावे. सरळ दांडे टोकांशी जोडून केलेले त्रिकोण. दांडा एक तर ताणला जातो किंवा दाबला जातो; तो वाकत नाही, असे गृहीत धरलेले असते. भार आला की प्रत्येक दांड्याची लांबी केसभर बदलते आणि त्या बदलांची बेरीज होऊन कैचीला झोल येतो. किती, हा प्रश्न.

उत्तराची रीत विलक्षण आहे. ज्या बिंदूची हालचाल हवी, तिथे नसलेला एक भार ठेवायचा : एक एकक, हव्या त्या दिशेने. त्या एकट्या कल्पित भाराने प्रत्येक दांड्यात किती बल आले असते ते काढायचे. मग त्या बलाला त्याच दांड्याच्या खऱ्या लांबी-बदलाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. बल कल्पित, बदल खरा, आणि बेरीज खरी हालचाल.

इथे आमचा विद्यार्थी अडला होता. "भार नाहीच, तर दांड्यात बल कुठून येणार?" आम्हाला उत्तर व्याकरणात सापडले. आपण क्रियापदाचा संकेतार्थ शिकवतो : पाऊस पडता, तर धान पिकते. हे वाक्य उच्चारणाऱ्याला ठाऊक असते की पाऊस पडलेला नाही. तरी वाक्य खोटे नसते. धान आणि पाऊस यांच्यातले खरे नाते ते सांगते. कल्पित भार हा संकेतार्थातला भार आहे. तो असता, तर अमुक दांड्याने इतका भाग उचलला असता, म्हणजेच त्या दांड्याचे त्या बिंदूशी इतके नाते आहे. हे ऐकून तो काही क्षण गप्प राहिला आणि कागद पुढे ओढून गणित मांडू लागला.

ते गणित इथे देण्याचा मोह आवरत नाही. आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी त्रिकोणी कैची : पाच-पाच मीटरचे दोन तिरपे दांडे आणि तळाशी आठ मीटरचा आडवा. शिखरावर ४८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे पाच टन भार. तिरप्यांत ४० किलोन्यूटन दाब, आडव्यात ३२ किलोन्यूटन ताण. प्रत्येक दांड्याचा छेद एक हजार चौरस मिलिमीटर, धातू पोलाद. शिखरावर कल्पित एकक ठेवले, तर तिरप्यांत पाच-षष्ठांश दाब आणि आडव्यात दोन-तृतीयांश ताण येतो. बेरीज केली की शिखराचा झोल निघतो २.५२ मिलिमीटर. आम्हाला थक्क केले ते पुढच्या गोष्टीने : या झोलातला एक-तृतीयांशाहून किंचित अधिक वाटा त्या तळाच्या आडव्या दांड्याचा आहे, जो शिखराला शिवतही नाही. कादंबरीतल्या दुय्यम पात्राविषयी आपण वर्गात जे बोलतो, ते इतक्या अचूक अपूर्णांकात कधी मांडता येत नाही.

मग त्याने आपण होऊनच उन्हाळा आणला. कैची सर्वत्र तीस अंशांनी तापली तर? लांबी भाराऐवजी उष्णतेने बदलेल, रीत तीच. एक टोक पक्के आणि दुसरे सरकते असेल, तर ते २.८८ मिलिमीटर बाहेर सरकते. भाराने ते फक्त १.२८ मिलिमीटर सरकले होते. कैचीच्या एका टोकाशी बोल्टचे छिद्र लांबट का ठेवतात, ते आम्हाला तेव्हा कळले. शिखराचे उत्तर आले उणे १.०८. उणे म्हणजे कल्पित भाराच्या उलट दिशेने : शिखर वर गेले. त्या उणे चिन्हावर तो मनापासून हसला.

या रीतीचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. कल्पित कार्याचे तत्त्व योहान बर्नुली यांनी १७१७ साली एका पत्रात सर्वसाधारण रूपात मांडले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये कैचीच्या झोलाची रीत प्रसिद्ध केली, पण निबंध इतका आटोपशीर, आणि आकृत्यांविना, की अभियंत्यांनी त्याची दखल घेतली नाही. दहा वर्षांनी ओटो मोर यांनी तीच रीत स्वतंत्रपणे, कल्पित कार्याच्या आधारे, शोधली. दुर्बोधतेची किंमत विज्ञानातही मोजावी लागते तर!

आणि मराठीतून अभियांत्रिकी? १८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांतून अभियांत्रिकीचे वर्ग चालवले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. १८४०च्या दशकात शिक्षण मंडळात एर्स्किन पेरी यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, त्यात सरशी इंग्रजीची झाली. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास अनुमती दिली, तेव्हा अनेकांना ही कल्पना नवी वाटली. असो.

विद्यार्थी तिसऱ्या वेळी उत्तीर्ण झाला. उत्तरपत्रिका अर्थातच इंग्रजीत होती. आता त्याला पुढचे प्रकरण हवे आहे, आणि त्यात 'रिडंडंट' नावाचा दांडा आहे : समतोलापुरता विचार केला तर गरजेहून अधिक, पण एखादा मोडला तर छप्पर सावरणारा. 'अनावश्यक' म्हणावे तर अन्याय, 'अतिरिक्त' म्हणावे तर शिक्षकभरतीची आठवण. 'राखीव'ही चालत नाही, कारण हा दांडा बसून राहत नाही. पहिल्या दिवसापासून भार वाहतो. आमच्या वहीत त्या शब्दासमोरची जागा अजून रिकामी आहे.