फुलबागेतील १८ जून

ग्वाल्हेरच्या जूनची ओळख येथील वाचकांना करून देण्याचे कारण नाही. सकाळी आठालाच अंगणातील फरशी पायांना चटके देऊ लागते. आणि नेमक्या याच दिवसांत आमच्या लष्करातील जुन्या घरी पाहुण्यांची गर्दी होते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने नागपूरची थोरली बहीण नातवंडांना घेऊन येते. बडोद्याचा धाकटा भाऊ सहकुटुंब येतो. कैरीच्या पन्ह्याची पातेली भरतात, रात्री गच्चीवर गाद्यांच्या रांगा लागतात. १८ जूनला सरकारी सुट्टी नसते. तरी राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदानाचा हा दिवस आमच्या घरी राष्ट्रीय सणाच्याच इतमामाने पाळला जातो. वडिलांच्या काळापासूनचा शिरस्ता असा, की त्या दिवशी घरात असतील तितक्या सर्वांनी ऊन चढण्यापूर्वी फुलबागेतील समाधीला जावयाचे आणि न्याहारी परत आल्यावर करावयाची.

गेल्या वर्षी आम्ही तेराजण निघालो. वाटेत अक्काने, ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांनी राणीच्या समाधीवर रचलेली कविता म्हटली. आईकडून ती तिला तोंडपाठ झालेली. अश्वारूढ पुतळ्यासमोर मुलांना उभे करून मी शिक्षकी सवयीने सांगू लागलो. काल्पीच्या पराभवानंतर राणी, रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर चालून आले. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंदे त्यांना अडविण्यास उभे राहिले. परंतु त्यांचे बहुतेक सैन्य उठाववाल्यांना मिळाले आणि महाराज आग्र्यास गेले. पुढे ह्यू रोजची फौज आली व कोटा की सरायच्या रणात राणी पडली. कोणी १७ जून मानतात, कोणी १८. ग्वाल्हेर १८ पाळते. राणीचा देह शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गंगादासांच्या बड्या शाळेतील ७४५ साधू कामी आले, अशी परंपरा आहे.

अक्काची दहा वर्षांची नात मध्येच म्हणाली, "मामाआजोबा, तेव्हा आपले पूर्वज इथेच होते ना? मग ते कोणाच्या बाजूने होते?"

मी थबकलो. धाकटा भाऊ चटकन म्हणाला, "अगं, आपण मराठी माणसं राणीच्याच बाजूची!" वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते, तर मी त्याला गुण दिले नसते. आमचे खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचे पितळी कलमदान आजही माझ्या कपाटात आहे. त्यांच्या पराक्रमाची मात्र एकही कथा घरात नाही. तीस वर्षे इतिहास सांगताना मी हा प्रश्न स्वतःला विचारावयाचे टाळले होते.

"बाळ, ते शिंदे सरकारचे नोकर होते," मी म्हणालो. "ते राणीसाठी लढले असं कुठंही लिहिलेलं नाही."

"मग आपण इथं का येतो?"

मला उत्तर सुचेना. अक्काने तिच्या ओंजळीत मोगऱ्याची फुले दिली आणि म्हणाली, "म्हणूनच येतो गं. ज्यांनी सगळं दिलं, त्यांच्यापाशी ज्यांच्या घरातून काहीच गेलं नाही त्यांनी निदान फुलं तरी आणावीत."

मुलीने फुले वाहिली आणि बराच वेळ ती तेथेच उभी राहिली. भाऊ काही बोलला नाही. परतताना त्याने तिचा हात धरला होता, एवढे मी पाहिले.

घरी कचोरी-जिलबीवर मुले तुटून पडली. दुपारी वाळ्याच्या गारव्यात सारे लवंडले असता मी कपाट उघडून ते कलमदान बाहेर काढले. आजवर ते मी पाहुण्यांना दाखवीत नसे. त्या दिवशी ते सर्वांच्या मध्ये ठेवले आणि चिंचेने घासावयास त्या मुलीच्याच हाती दिले.